सिस्टरांचा रविवारचा राऊंड

मगदूम सिस्टर माणसांना नावानं हाक मारत नाहीत, नंबरानं मारतात. माझा नंबर अकरा. पोस्टात तेहतीस वर्षं चाकरी केली, दोन मुली उजवल्या, गल्लीत चार माणसं वसंतराव म्हणून नमस्कार करतात. पण दर रविवारी सकाळी सहा वाजता विद्यापीठाच्या फाटकाशी मी नुसता अकरा नंबर असतो. "अकरा नंबर, पांढरा शर्ट का घातला? पक्षी पळवून लावायचेत?" असं सगळ्यांदेखत विचारलं, की उरलीसुरली रग जिरते.

सिस्टर मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या आणि पक्षी बघायला लागल्या. खरं म्हणजे त्यांनी नुसता वॉर्ड बदलला. विद्यापीठाचं आवार हा वॉर्ड, पक्षी हे पेशंट आणि आम्ही बारा-तेरा जण म्हणजे पेशंटचे अडाणी नातेवाईक. नातेवाईक या जातीबद्दल त्यांचं मत जन्मभर वाईट होतं, ते आमच्यासाठी त्यांनी बदललं नाही. झाडाखाली घोळका झाला की, "पेशंटची हवा अडवू नका." कुणी डबा उघडला की, "वॉर्डात खाणं नाही." एकदा सात नंबरना, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना, खंड्या दिसला आणि ते आनंदानं ओरडले. सिस्टरांनी त्यांना राऊंड संपेपर्यंत कँटीनसमोरच्या बाकावर बसवून ठेवलं. साठी उलटलेला माणूस मुकाट बसला.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो साखरेमुळं. डॉक्टर म्हणाले, चाला. बायको म्हणाली, एकटे गेलात तर पहिल्या वडापावच्या गाडीपाशीच चालणं संपेल. म्हणून चार वर्षांपूर्वी या पलटणीत भरती झालो.

"नंबर कशाला? नावं आहेत की आम्हाला," मी एकदा धीर करून म्हटलं.

"नावं नातेवाइकांनी लक्षात ठेवायची. आपण खाट सांभाळायची."

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "मी काही सांगणार नाही, निरीक्षण चालू आहे." सुगरणीचं घरटं वाऱ्यात टिकेल का, विचारा, हेच उत्तर. माझ्या धाकटीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा मी काकुळतीला येऊन विचारलं होतं, "सिस्टर, सगळं नीट होईल ना?" तेव्हाही हेच. 'होईल हो' म्हणायला काय जात होतं? मला राग आला होता, आणि तो बरेच दिवस राहिला.

यंदा मार्चअखेरीस क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला टिटवीनं अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या रानात चार खडे इकडेतिकडे सारते आणि बसते. रविवारी चौथं अंडं दिसलं. सिस्टरांनी रजिस्टरात एक नंबर ते चार नंबर अशा खाटा मांडल्या, पुढं तारीख टाकली आणि फर्मान काढलं, "अठ्ठावीस दिवस. पन्नास पावलांच्या आत कुणी दिसलं तर बाकावर."

चौथ्या आठवड्यात स्पर्धा ठरली आणि मैदानावर रोलर फिरवायचा हुकूम निघाला. मैदान बघणारे आप्पा उंब्रजकडचे. ते आधीच बिचकत सिस्टरांपुढं आले.

"आवं सिस्टर, आमाला वरनं हुकूम हाय. दोन अंड्यांपायी माजी नोकरी जायाची."

"दोन नाहीत, चार. दिवस भरलेली बाळंतीण खाटेवरून उठवतात का, आप्पा?"

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "सोमवारी दुपारी बारापत्तोर थांबतो. म्होरं मला कायबी म्हनू नगा."

अठ्ठाविसावा दिवस रविवारी आला. राऊंड संपला तरी अंडी तशीच. सिस्टर क्रीडा विभागाच्या साहेबांच्या घरी आणखी एक दिवस मागायला निघाल्या आणि मला मैदानाच्या पायरीवर बसवून गेल्या. "अकरा नंबर, फक्त बघायचं. जवळ जायचं नाही."

अकराच्या सुमाराला टिटवी उठली आणि उडून गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एप्रिलचं ऊन, आणि ती चार अंडी उघडी. मला बघवेना. मी छत्री घेऊन गेलो, ती उघडून दगडांच्या आधारानं अंड्यांवर नीट उभी केली आणि मोठं पुण्य केल्यासारखा पायरीवर येऊन बसलो.

टिटवी परत आली. काळी छत्री बघून तिनं जो आकांत मांडला! डोक्यावर घिरट्या, पण खाली उतरेना.

तेवढ्यात सिस्टर आल्या. साहेब "बघतो" म्हणाले होते, म्हणजे नाहीच. त्यांनी छत्री बघितली, मला बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या गेल्या, छत्री मिटून घेऊन आल्या.

"पोट भिजवायला गेली होती ती. ओल्या पोटानं अंडी गार करते."

"आता बसेल ना परत?"

"मी काही सांगणार नाही."

टिटवी लांब उतरायची, चार पावलं यायची, थांबायची, पुन्हा उडायची. मी घड्याळ बघत होतो. लेकीला आत नेल्यावर दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो, तसाच बसलो होतो. चाळीस मिनिटांनी ती अंड्यांवर बसली. शेजारी सिस्टरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

सोमवारी सहाला सगळे नंबर हजर होते, बोलावलं नसताना. सात नंबर तर तोंडाला रुमाल लावूनच आले होते. आठला पहिलं पिल्लू आलं. दहापर्यंत तीन. कापसाला काड्या लावाव्यात तशी ती उभी राहायला लागली. आप्पा रोलर बाजूला लावून आमच्यात येऊन बसले. "लय भारी की वो," एवढंच म्हणाले.

साडेअकराला टिटवी उठली. तिनं हाक घातली आणि तिन्ही पिल्लं तिच्यामागनं पलीकडच्या गवतात गेली. ती एकटी परत आली, चौथ्या अंड्याला चोच लावली, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

बारा वाजले. एकेक नंबर हळूच निघून गेला. छत्रीपायी गेलेली ती चाळीस मिनिटं माझी होती.

"सिस्टर, माझ्यामुळंच हे..."

"चार नंबर पहिल्यापासून अशक्त होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा काही संबंध नाही त्यात, वसंतराव."

चार वर्षांत पहिल्यांदा नाव. पन्नास पावलांवरून अंड्याची तब्येत कळत नाही, हे पोस्टातल्या माणसालाही समजतं. मला समजलंय हे त्यांनाही समजलं होतं. जन्मभर कुणाला खोटा धीर न दिलेल्या बाईनं तो मला दिला, आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.

"घरी जा. मालतीबाई जेवायच्या थांबल्या असतील. आणि धाकटीचं बाळ आता रांगत असेल ना?"

म्हणजे सगळी नावं, सगळी घरं त्यांना पाठ होती.

"तुम्ही नाही येत?"

"माझं काय, कुलूप काढलं की घर. सगळे गेले की पेशंटजवळ कुणीतरी थांबावं लागतं."

त्यांनी हात वर केला. आप्पांनी रोलर चालू केला, पण मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून.

फाटकापाशी गेल्यावर छत्री आठवली, ती कालपासून सिस्टरांकडेच होती, म्हणून मी मागं फिरलो. सिस्टर डोक्यावर पदर घेऊन उन्हात, मातीत बसल्या होत्या. माझी छत्री त्यांनी उघडली होती आणि त्या चौथ्या अंड्यावर धरली होती.

मी छत्री मागितली नाही. तसाच उन्हातून घरी आलो.