बागायतदार क्रॅनमोर यांची वंशावळ

अमेरिकेतल्या माणसांना पूर्वज पुरवण्याचं काम जालना रोडवर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालतं. कंपनीचं धोरण साधं आहे : पूर्वज असा असावा, की वंशजाला तो दिवाणखान्यात टांगता यावा. पुरावा मिळाल्यास उत्तम.

पाचोडचा सोमनाथ इतिहासात एम. ए. होऊन, स्पर्धा परीक्षांवर डोकं आपटून झाल्यावर इथं चिकटला होता. पैठणच्या साहेबरावांनी त्याला आपल्या मोनिकासाठी पसंत केलं होतं. पण "पोरगं कायम झालं की साखरपुडा" अशी त्यांची अट होती. आणि कायम होणं अडलं होतं टोबायस क्रॅनमोरपाशी.

हा क्रॅनमोर इंग्रजी अमलातल्या व्हर्जिनियाचा, तंबाखूचा बडा बागायतदार. त्याच्या वंशातल्या एका बाईंनी घराण्याची वंशावळ मागवली होती, तीही प्लॅटिनम योजनेत. प्लॅटिनममध्ये गैरसोयीचा पूर्वज निघत नाही, अशी कंपनीची हमी असते.

सोमनाथनं तो पहिल्याच झटक्यात काढला. क्रॅनमोरचे वडील मेंढी चोरल्याबद्दल शिक्षा म्हणून अमेरिकेत धाडले गेले होते.

"चोर?" व्यवस्थापक शिवराज सर दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "सोमनाथ, प्लॅटिनमवाल्याला आपण चोर देतो का? चोर सिल्व्हरला."

मग 'राजाज्ञेने, सरकारी जहाजातून आगमन' असं लिहिलं गेलं. 'पशुधनात विशेष रुची' हे सरांनी स्वतः जोडलं. बाई हरखून गेल्या.

पुढं क्रॅनमोरचं मृत्युपत्र निघालं. त्यात बैल आणि चांदीचे चमचे यांच्या मधोमध माणसं होती : थोरल्या मुलाला अमुक गुलाम, धाकट्याला तमुक बाई, तिच्या लेकरांसकट. शिवराज सरांनी चष्मा पुसला आणि 'शेतीत सहकार्य करणारी कुटुंबे' असा शब्दप्रयोग मंजूर केला.

अहवाल तपासणी विभागात गेला. तपासणी विभाग म्हणजे सुलेखा. तीही पाचोडचीच, शाळेत सोमनाथच्या एक वर्ग पुढं.

"सहकार्य करणाऱ्याला पोरांत वाटून देतेत व्हय रे?" तिनं विचारलं. "खोटं लिहिलेलं मी पास करत नाय."

सोमनाथ काकुळतीला आला. "सुलेखा, माझं लगीन अडलंय गं."

"मग खरं लिही. खऱ्यानं लगीन मोडत नाय."

"प्लॅटिनम मोडतं," सर मागून म्हणाले. ते काही उगाच व्यवस्थापक झाले नव्हते. "ज्यांच्यावरून वाद आहे, ती माणसंच काढून टाका. जे लिहिलंच नाही, ते तपासण्याचा अधिकार तपासणी विभागाला नाही."

नियम खरोखरच तसा होता. सुलेखानं सोमनाथकडं न बघता सही केली.

आता नजर पोचणार नाही एवढं तंबाखूचं रान, आणि त्यात एकटा क्रॅनमोर उभा राहिला. बाईंनी भाबडेपणानं विचारलं, हे सगळं ते एकटेच करायचे? सोमनाथ संध्याकाळभर पेन चावत बसला आणि शेवटी त्यानं लिहिलं : 'हवामान अनुकूल होते.'

बाईंना पूर्वजांच्या कष्टांनी रडू आलं. सोमनाथ कायम झाला.

साखरपुडा पाचोडला झाला. ऑफिसातले सगळे आले, सुलेखाही आली. सोमनाथचे वडील कारभारी फेटा सावरत पाहुण्यांना घराणं सांगू लागले.

"आमचे वडील बडे बागायतदार. लई कष्टाळू! समोर दिसतंय ना, ते सगळं रान एकट्या माणसानं कसलं!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. सोमनाथ मात्र गार पडला. आजोबांचे हात त्याला चांगले आठवत होते. मऊ होते, चिमटीत तपकीर धरायचे. ज्यानं रान कसलं तो कडुबा सालगडीही आठवत होता, आणि गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली त्याची कपबशीही. कडुबा हा सुलेखाचा आजा.

सोमनाथला मनापासून लाज वाटली. आता सांगायचंच, म्हणून त्यानं तोंड उघडलं. साहेबरावांनी त्यात पेढा घातला.

"हवामान चांगलं असंल," मागच्या खुर्चीवरून सुलेखा म्हणाली.

"व्हय, व्हय!" साहेबराव खूश होऊन म्हणाले. "तवाचा पाऊसच निराळा!"

कंपनीनं आता देशी घराण्यांचंही काम सुरू केलं आहे. इकडं सिल्व्हर कुणी मागतच नाही, म्हणून ती योजना बंद करावी लागली. आपणही आपलं गाव आणि आजोबांचं नाव तेवढं सोमनाथकडं कळवावं. रान कोण कसत होतं, हे विचारलं जाणार नाही. हवामानाची व्यवस्था कंपनी करते.