साळूताईची चढती रेघ

एका जंगलात, जिथे ढोलीढोलीत नेट पोचलं होतं पण तळ्यात पाणी पोचत नव्हतं, साळू नावाची एक साळिंदर राहायची. सगळे तिला साळूताई म्हणत.

साळूताई कॉम्प्युटरवर कोड लिहायची. घाबरू नका बाळांनो, कोड म्हणजे काही जादूटोणा नव्हे. पृथ्वीवरच्या सगळ्या जंगलांचे आकडे एका मोठ्या भांडारात साठवलेले असत. कुठे किती पाऊस, कुठे किती पिल्लं, कुठे किती पाणी, सगळं वर्षवार. साळूताई त्या भांडाराला दोन-चार ओळींत विचारायची : कोणतं जंगल? कोणती गोष्ट? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? की पडद्यावर सरसर रेघ उमटायची.

आकडे बघून जंगलाला जांभया येत. रेघ बघितली की मात्र ज्याला त्याला मत फुटे.

साळूताईच्या शेजारी, तळ्याच्या काठावर, पाणूवहिनी राहायची. ती पाणमांजर. तिला चार पिल्लं. ही पिल्लं दिवसभर साळूताईचे वाळत घातलेले कंद पळवायची आणि साळूताई दिवसभर त्यांच्या नावानं ओरडायची. एक दिवस ती आली नाहीत, तर हीच बाई बिळाबाहेर येऊन मान लांब करून बघत बसायची.

तळं आटत चाललं होतं. आता पाणी वाघाच्या गुडघ्याएवढं उरलं होतं.

पाणूवहिनी म्हणाली, "अगं साळूताई, पिल्लांना पोहायला शिकवायचं तर ती चालतच पलीकडे जातात. मासेही चिखलात तोंड खुपसून बसलेत. आता हत्तींनी पाणी सोडलं तरच आम्ही इथे राहणार बघ."

वरच्या जंगलात हत्तींनी धरण बांधलं होतं. उन्हाळ्याआधी ते सगळ्या जंगलांचे आलेख मागवायचे. ज्या तळ्याची रेघ उतरती, त्याला पाणी सोडायचे.

"एवढंच ना?" साळूताई म्हणाली. "आपली रेघ तर घसरगुंडीच आहे गं. तू निर्धास्त राहा."

तिनं लिहिलं : आपलं जंगल, तळ्यातलं पाणी, गेली पंचवीस वर्षं. रेघ वरून निघाली, मधे एकदा खड्ड्यात पडून जरा उठली, पण शेवटी खालीच राहिली. साळूताईला इतका आनंद झाला की तिचे काटे उभे राहिले.

पण हत्तींकडे जाणारा कागद आधी वाघोबा महाराजांच्या गुहेत जायचा, अशी तिथली पद्धत. महाराजांनी आलेख उभा धरला, आडवा धरला, मग उलटा धरला. उलटा त्यांना आवडला.

"असाच पाठवा," ते म्हणाले.

"महाराज, उलटा धरला की अक्षरंही उलटी होतात," साळूताई म्हणाली.

"मग ही रेघ खाली का जाते? माझ्या राज्यात?"

"महाराज, पाणीच खाली गेलंय."

महाराजांचे सचिव खोकडराव खाकरले. "साळूताई, तुम्ही आमच्या घरच्या. तुम्हाला खोटं लिहायला आम्ही कशाला सांगू? एकही आकडा बदलू नका. फक्त मला सांगा, हे मधे खड्ड्यासारखं काय दिसतंय?"

"तो सात वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळ. तळ्यात तेव्हा ओंजळभर पाणी उरलं होतं."

"वा! मग गोष्ट तिथूनच सुरू करा की."

"पण त्याआधीची अठरा वर्षं?"

"ती झाली जुनी. जुनं उकरून काढायची सवय बरी नव्हे." मग आवाज खाली आणत खोकडराव म्हणाले, "आणि हो, तुमच्या बिळाचा परवाना यंदा नवा करायचाय ना?"

साळूताई बिळात परतली. तिनं कोडमधलं एक वर्ष खोडलं आणि दुसरं घातलं. बाकी काहीसुद्धा नाही. रेघ ओंजळभर पाण्यापासून निघाली आणि डौलात गुडघ्यापर्यंत चढली.

'आकडे तर सगळे खरेच आहेत,' असं तिनं स्वतःला तीनदा सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही, म्हणून तीनदा.

हत्तींचं उत्तर लगेच आलं. "अभिनंदन! तुमचं पाणी झपाट्यानं वाढतंय. आमचं पाणी आम्ही दुसऱ्या गरजू तळ्याला देत आहोत. तुम्हीही थोडं मन मोठं करावं आणि खालच्या जंगलाला चार दिवस पाट सोडावा."

महाराजांचं मन मोठं झालं. त्यांनी चारऐवजी पाच दिवस पाट सोडला. शेवटी कडेला एक डबकं तेवढं राहिलं.

पाणूवहिनी पिल्लांना घेऊन निघाली. जाताना बिळाच्या तोंडाशी थांबली.

"बघितली हो तुमची रेघ," ती म्हणाली. कालपर्यंतचं 'अगं' आज 'अहो' झालं होतं. "छान चढलीय. माझ्या पोरांना तेवढं तिच्यावर पोहता येत नाही."

साळूताईनं कंदांची परडी पुढे केली. पिल्लांनी आईकडे बघितलं आणि कंदांना हात लावला नाही.

त्याच दुपारी खोकडराव धापा टाकत आले. "साळूताई, पुढच्या वर्षीच्या आलेखाचं काय? डबकं दाखवलं तर रेघ आपटेल."

"आपटेलच. पाणी कुठे आहे?"

"तुम्ही नुसतं पाणी मोजता, तिथेच चुकतं. दरडोई काढा. पाणी भागिले डोकी. पाणमांजरं गेली, पाठोपाठ बगळे गेले, बेडूक तर कधीच गेले. काढा बघू!"

साळूताईनं भागाकाराची एक ओळ लिहिली. डबकं होतं तेवढंच राहिलं. रेघ मात्र सरळ आभाळाकडे निघाली.

खोकडराव पडद्याला नाक लावून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"सुंदर!" ते म्हणाले. मग मान वळवून त्यांनी बिळात आतपर्यंत नजर टाकली आणि अगदी प्रेमानं विचारलं, "अजून थोडी चढवता येईल. साळूताई, तुमच्या घरात डोकी किती?"

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरंच बोलावं. फक्त कोणत्या वर्षापासून बोलायचं, ते आधी वरच्यांना विचारून घ्यावं.