दोनदा ओढलेला दांडा

१९६८ सालचा नोव्हेंबर. नेब्रास्कात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी व्हर्ना एंगस्ट्रॉमने पीचचा ताजा केक नवऱ्यापुढे ठेवला, आणि लेस्टरचा काटा तोंडापाशीच थांबला.

"काय झालं? कच्चा राहिलाय?"

"व्हर्ना, सकाळी हार्लनचा फोन आला तेव्हा मी दांडा ओढून वर आलो होतो."

"मग?"

"खाली गेल्यावर परत ओढला."

व्हर्ना फोनकडे धावली. लेस्टर तळघरात बंदुकीची काडतुसं स्वतःच भरत असे. नेमबाजी संपून लोक घरी गेले, की हा गवतातून त्यांची रिकामी नळकांडी वेचत फिरे आणि कडांच्या चिंध्या होईपर्यंत तीच पुन्हा पुन्हा वापरी. यंत्राचा दांडा एकदा ओढला की एका काडतुसापुरती दारू पडते. दोनदा ओढला तर ते काडतूस बंदूकच फोडू शकतं, आणि बंदुकीमागे माणसाचा चेहरा असतो. आज तो चेहरा हार्लनचा, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा होता. तासाभरापूर्वीच तो पंचवीस काडतुसांचा खोका घेऊन चर्चच्या मैदानावर नेमबाजीच्या स्पर्धेला गेला होता. कागदी निशाणाच्या मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा छर्रा लागेल, त्याला बक्षीस म्हणून सणाला भाजायचा टर्की पक्षी. जन्मभर दुकानातलीच काडतुसं वापरणाऱ्या हार्लनला "एकदा आमची वापरून तर बघ," अशी गळ व्हर्नानेच घातली होती.

चर्चमधला फोन नुसता वाजत राहिला. सगळे मैदानावर.

पेट्रोल वाचवायला ताशी चाळीस मैलांच्या पुढे कधी न जाणाऱ्या लेस्टरने त्या दिवशी ट्रक सत्तरने हाणला.

"पंचवीसातलं एकच आहे गं," तो म्हणाला.

"भाऊही एकच आहे मला."

ते पोचले तेव्हा हार्लनचा गाल बंदुकीला टेकला होता. व्हर्ना एप्रनसकट धावली.

"हार्ल्या! खाली ठेव ती! आत्ताच्या आत्ता!"

हार्लनने बंदूक उघडून काडतूस बाहेर काढलं. लेस्टरने खालच्या मानेने सगळं सांगितलं.

"वा, मेव्हणे! टर्की राहिली बाजूला, मलाच भाजायला निघालात!"

"किती उडवलीस?"

"तीन. हे चौथं."

"चर्चच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा," पाद्री म्हणाले. "जड असेल ते दोषी."

लेस्टर आणखीनच ओशाळला. "उपयोग नाही. नळकांडी दहा जणांची वेचलेली. एकाचं वजन दुसऱ्याशी जुळत नाही."

मग ट्रकच्या फळीवर बसून, गावासमोर, लेस्टरने आपलीच बावीस काडतुसं चाकूने कापली. प्रत्येक कापताना त्याचा चेहरा दात उपटल्यासारखा व्हायचा. बाविसांतही दारू अगदी मापात निघाली.

"म्हणजे माझ्या तिनांतच होतं ते!" हार्लनने बंदुकीवरून हात फिरवला. "आणि हिने गिळलं! ढेकरसुद्धा दिली नाही!"

संध्याकाळी उरलेला केक खाताना व्हर्नाला एकदम आठवलं. सकाळी पीचची बरणी आणायला ती तळघरात गेली होती, लेस्टर वर हार्लनशी फोनवर बोलत असताना. यंत्राखाली एक काडतूस उघडंच होतं, दारूसकट. तिच्या घरात काही उघडं ठेवायची पद्धत नव्हती. तिने ती दारू मुकाट्याने यंत्रावरच्या बाटलीत परत ओतली होती.

व्हर्नाने समोर पाहिलं. लेस्टर त्या कापलेल्या काडतुसांतले छर्रे एकेक निवडून डब्यात भरत होता. तिने घास गिळला आणि त्याला आणखी एक तुकडा वाढला.

त्यानंतर काडतुसं भरताना लेस्टरने फोन कधीही उचलला नाही. अगदी पहिली नात झाल्याचाही नाही. तो ब्याण्णव साली गेला. हार्लनने त्या शनिवारनंतर तीस वर्षं प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगितली. दर खेपेला बंदुकीने गिळलेली दारू थोडी वाढायची, आणि व्हर्ना मान डोलवायची. मरताना हार्लनने ती बंदूक तिच्याच नावे ठेवली: "माझा जीव वाचवणाऱ्या बहिणीला."

व्हर्नाने ती तळघरात टांगली, पीचच्या बरण्यांच्या वर. बरण्यांची झाकणं मात्र ती अजूनही दोनदा तपासते.