कांताबाईचा कडता

मोठ्या काट्यावर पोतं ठेवलं की दांडी दोनदा हलते आणि थांबते. माणूस उभं राहिलं तर थांबत नाही. श्वासाबरोबर केसभर वरखाली होतच राहते. मंठा गावच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, तातेराव मापाड्यांना ही गोष्ट बायकोला काट्यावर चढवल्यावर कळली. त्याआधी वीस वर्षं त्यांनी फक्त ज्वारी, तूर आणि सरकी मोजली होती!

कांताबाईंच्या बेंबीपाशी हर्निया होता. सहा वर्षांपूर्वी लिंबाएवढा होता, आता पेरूएवढा झाला होता. जालन्याचे डॉक्टर दर वेळी बजावत, "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, बाई. ऑपरेशन करून घ्या." कांताबाई दर वेळी म्हणत, "बघू." तातेराव आग्रह करत नसत. पोट तिचं, भीती तिची. पण ती जोरात खोकली की तातेरावांच्या हातातला घास हातातच राही.

यंदा डॉक्टर म्हणाले, "शहाऐंशी किलो आहात. पंच्याहत्तर करून या, मग पुढचं बोलू."

तातेरावांची छाती फुगली. "वजनाचं माह्यावर सोडा, डॉक्टरसाहेब! अख्खा मंठा माह्या काट्यावर इमान ठेवतो!"

घरी कायदा लागू झाला. अर्धी भाकर, बिनतेलाची मेथी, संध्याकाळी ताक. शेंगदाण्याची चटणी थेट माळ्यावर! तातेरावांच्या ताटात मात्र दोन भाकरी पडत. कांताबाई त्या भाकरींकडे अशा बघत, की सासरी निघालेली लेकही माहेराच्या दाराकडे तसं बघत नसेल. तातेरावांना घास उतरेना.

"डब्यात बांध. मोंढ्यात खातो," ते म्हणाले.

मोंढ्यात तरी कुठला उतरतोय! डबा हमाल संपवत. घरी तो लख्ख परत येई आणि कांताबाई खूश होत.

पहिल्या सोमवारी, मोंढा उघडण्याआधी, कांताबाई काट्यावर उभ्या राहिल्या. तातेरावांनी सवयीने हाळी दिली, "त्र्याऐंशीऽऽ!"

"आठ दिवसांत तीन किलो?" कांताबाईंचा विश्वास बसेना.

"काटा खोटं बोलत न्हाई!"

बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या गिरिजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय वो भावजी, मापाड्याच्याच घरात माप मारून राह्यले का? उपाशी ठिवता व्हय बाईला?" आणि पदराआडून गुळाची पोळी पुढे केली. कांताबाईंनी डोळे मिटून ती परत केली. असा संयम तातेरावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

दर सोमवारी आकडा उतरत गेला. तीन महिन्यांनी हाळी आली, "पंच्याहत्तरऽऽ!" हमालांनी टाळ्या वाजवल्या आणि दोघं एसटीने जालन्याला गेली.

डॉक्टरांच्या काट्यावर मात्र निघाले अठ्ठ्याहत्तर.

"हा काटा खराब हाय!" तातेराव उसळले. "थांबा, दाखवतो. मी बारा वर्षं झाले, साठाचा हाय!" चपला काढून ते वर चढले. दांडी बावन्नवर टेकली.

"बघा! मला आठ किलो कमी दाखवून राह्यला!"

"तातेराव," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बायकोला जास्त आणि नवऱ्याला कमी, असं दाखवणारा काटा अजून कुणी बनवलेला नाही. तुम्ही मोजता कसं, ते सांगा बघू."

"बराबर मोजतो! दांडी बघायची. त्यातून रिकाम्या पोत्याचं एक किलो बारदान वजा. धूळमातीचा दोन किलो कडता वजा. उरलं ते..."

तातेराव थांबले. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं होतं.

"बारदान?" कांताबाई सावकाश म्हणाल्या. "मी काय ज्वारीचं पोतं हाय? आन् धूळमाती वो कशाची?"

"सवय गं... तोंडातून आपसूक..."

डॉक्टर हसता हसता खुर्चीत बसले. पण कांताबाई हसत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या गळ्याकडे बघत होत्या. सदऱ्याची कॉलर मानेपासून चार बोटं सुटली होती.

"आठ किलो कुठं गेले तुमचे?"

"पायजम्याची नाडी सैल झाली म्हनून मला वाटलं, की नाडीच..."

"डबा कोण खात व्हतं?"

तातेराव जमिनीकडे बघू लागले. "तू अर्धी भाकर खायची, आन् मी दोन? न्हाई जमलं."

 डॉक्टरांनी कांताबाईंची फाईल उघडली. "तीन किलोंनी माझं अडत नाही. तब्येत ठीक आहे. सहा वर्षं विचारतोय, आज शेवटचं विचारतो. काय करायचं?"

"बघू म्हनंल ती," तातेराव पुटपुटले. "जल्दी नका करू तिला."

"तुम्ही गप बसा!" कांताबाईंनी पदर खोचला. "सोमवारी करून टाका माहं आपरेशन, डॉक्टरसाहेब. ह्यो मानूस वाळून चिपाड व्हायच्या आत!"