कांताची नखं आन् माझी तराई

२०१६ साल. माझं वय एकाहत्तर. गल्लीत टँकर यायचा, आणि त्याच्या रांगेत आमची शेजारीण कांता माणसांची तोंडं बघायची नाय, नखं बघायची. "दादा, नखं चावता. रात्रीची झोप नाय ना?" असं टँकरवाल्याला विचारायची. तो बिचारा पाइप सोडून आधी हात खिशात घालायचा.

कांता चाळिशीची, कन्नड तालुक्यातली. विहीर आटली तशी एकटीच शहरात आली आणि औरंगपुऱ्यात बायकांची नखं सजवायला शिकू लागली. सरावाला एक प्लास्टिकचा हात होता. त्याला ती वन्सं म्हणायची. बाहेर जाताना त्याच्यावर रुमाल टाकायची. "वन्संला ऊन लागंल."

शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, सोमवारी जित्या माणसाच्या हातावर काम दाखव, जमलं तर दुकानातच ठेवते. पण कशात दाखवायचं? अॅक्रेलिक म्हणजे भुकटी आणि उग्र वासाचं पाणी. ब्रशनं कालवून नखावर चढवलं की हवेतच घट्ट. जेल मलमासारखं, दिव्याखाली धरल्याशिवाय आळत नाय. कांता सकाळी अॅक्रेलिक म्हणायची, दुपारी जेल. वन्संचाही सल्ला घ्यायची.

मी चौथी पास, पण चाळीस वर्षं गवंडी. सिडकोतल्या कितीतरी भिंतींना माझी थापी लागली. मी म्हणलं, "अॅक्रेलिकच. ते प्लास्टर हाय. दिव्याखाली वाळवायचं ते काम नव्हं, लाड हायेत."

"चुकलं तर, काका? जेल दिवा लावेपर्यंत थांबतं. हे थांबत नाय."

"गवंड्याचं चुकत नाय."

शेवटी माझ्याच उजव्या हाताला अॅक्रेलिक, डाव्याला जेल, आठ दिवस वापरून बघायचं ठरलं. डावा अंगठा मात्र मी मुठीत ठेवला. जवानीत त्याच्यावर दगड पडला, तवापासून नख वाकडं येतं. मी कुणाला दाखवत नाय. कांतानं मुठीकडं बघितलं. नऊ नखं केली.

रांगेत लोक म्हणले, "मिस्तरी, लगीन कवा?"

"तुमचं बारसं झालं की," म्हणलं आणि हंडा उचलला.

आठव्या दिवशी, रविवारी, उजव्या हाताची तीन नखं सुटली. डावी जशीच्या तशी. कांता मटकन खाली बसली. "माझ्याच हाताला गुण नाय. जाते गावाकडं." वन्संला पिशवीत कोंबलं, रुमाल न टाकता.

आता खरं सांगतो. प्लास्टर म्हणलं की तराई आली. नव्या भिंतीला पाणी मारलं नाय तर ती तडकते. म्हणून मी रोज दुपारी दार लावून उजवा हात घंटाभर तांब्यात बुडवून बसत होतो. अशा दुष्काळात.

हे कांताला सांगायला मला संध्याकाळ झाली. ती पदर तोंडाला लावून लई हसली. मग पदर सोडला.

"काका, आई गेल्यावर माझा हात कुणी धरला नाय. ह्या कामात घडीभर कुणाचा तरी हात आपल्या हातात राहतो. म्हणून शिकते. जेलच बरं. त्याला घाई नाय." मग पिशवीकडं बघून म्हणाली, "पण उद्या वन्सं चालायची नाय. हात कुणाचा नेऊ?"



दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, तिच्यासंगं रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो, आणि बायकांनी भरलेल्या त्या दुकानात टेबलावर डावा हात ठेवला. अंगठ्यासकट.