विहारातली बैलबंडी

बुद्धविहाराचं छत एवढं उंच कुणाच्या सांगण्यावरून झालं, हे अदिलाबादजवळ बेल्याकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दौलत गुरुजींच्या! गुरुजी नागपूरला जाऊन आले होते आणि तिथल्या सभागृहाची उंची डोळ्यांत भरून घेऊन परतले होते. गावाने हौसेने डोक्यावर विटा वाहिल्या, भिंती चढत गेल्या, आणि स्लॅब पडल्यावर सगळ्यांनी माना वर करून "वा!" म्हटलं. त्या छताच्या मधोमध मोठं कमळ रंगवायचं, हेही ठरलं. तिथपर्यंत माणूस पोहोचणार कसा, एवढंच ठरायचं राहून गेलं.

कमळ रंगवणार होता डोमाजी. गावातला पेंटर. आजवर त्याने दुकानांच्या पाट्या आणि मोटारसायकलींचे नंबर रंगवले होते, त्यामुळे कमिटीतल्या निम्म्या लोकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन होतं. तोवर कमळ झालं नाही तर मंडपवाल्याचं झालरीचं कापड लावून छत झाकून टाकायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं, आणि कापड आणूनही ठेवलं. कोपऱ्यातल्या त्या गुंडाळीकडे पाठ करूनच डोमाजी रंग कालवी.

सल्ला द्यायला उत्तमराव आले. गावचाच मुलगा, आता अदिलाबादला ओव्हरसियर. त्यांनी छताकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"लोखंडी पाइपाची परांची आना. दुसऱ्या कशाचं नाव काढू नोका."

सल्ला सोळा आणे खरा होता. पण लग्नसराई चालू होती आणि अदिलाबादचे सगळे पाइप मांडवाखाली उभे होते. लाकडी बल्ल्या गाडाव्या तर खड्डे हवेत, आणि खाली नुकतीच घातलेली गुळगुळीत फरशी. गावातली सगळ्यात लांब शिडी लावून पाहिली. डोमाजीचा ब्रश आणि छत यांच्यामध्ये आणखी एक अख्खा डोमाजी उभा राहिला असता.

"माही बंडी न्या," उद्धवराव म्हणाले.

उद्धवराव कापसाचे शेतकरी. घर विहाराच्या पलीकडच्या गल्लीत, आणि बांड्या-लाल्या या बैलजोडीचा अभिमान इतका, की पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ते गोठा दाखवत.

"बंडीवर माह्या वावरातलं मचान बांधा. येक पाकळी झाली का बैल पावलाभर पुढं. तुमच्या पाइपाले पाय हायेत का?"

"विहारात बैल?" गुरुजी म्हणाले.

"दार अजून बसाचं हाय, मूर्ती अजून याची हाय. फरशीवर पोते हातरा. शेनाले मी हाय."

गुरुजींनी विचार केला. विटांच्या निम्म्या खेपा याच बैलांनी ओढल्या होत्या, त्यांना आत यायला मज्जाव कसा करायचा? दुसऱ्या दिवशी बंडी आत आली. खरं सांगायचं तर ते प्रकरण दिसायला मोठं झकास होतं. खाली बंडी, तिच्यावर दोरांनी आवळून बांधलेलं उंच मचाण, पुढे जुंपलेले दोन शांत बैल आणि वर छताला टेकायला आलेला डोमाजी.

सुरुवात छान झाली. डोमाजी घाबरला होता, त्यामुळे मचाणावर सारखा थयथय पाय हलवत होता. निळा रंग झाला, कमळाचा आकार खडूने काढून झाला, बैल जागचे हलले नाहीत. मग पहिल्या पाकळीची कड आली. डोमाजीने श्वास रोखला, पाय रोवले, गुलाबी ब्रश टेकवला, आणि बंडी चालू लागली. ब्रश छतावरच राहिला. निळ्या रंगावर गुलाबी रेघ थेट भिंतीपर्यंत गेली.

"उद्धवराव, बैल काऊन हालले?"

"माहे बैल हालत नाईत. तुमीच ढकललं असन."

बंडी मागे घेतली. डोमाजी पुन्हा स्थिर झाला, बैल पुन्हा निघाले. दुसरी रेघ. कुणी म्हणालं रंगाचा वास लागतो, कुणी म्हणालं तहान लागली असेल. पाणी पाजलं, तिसरी रेघ. बैल सोडून बंडीला पुढून टेकू लावला, तर तो फरशीवरून सरकला आणि डोमाजी वरून ओरडला, "जुपा! जुपा! बैलच बरे!" चाकांपुढे विटा ठेवल्या, चाकं त्या विटांवरही चढली. शेवटी उद्धवराव स्वतः वेसणीला धरून उभे राहिले, तर बैल मालकालाही घेऊन निघाले.

छतावर आता रेघाच रेघा झाल्या होत्या. कमिटीतल्या एकाने कापडाची गुंडाळी सोडायला घेतली. डोमाजी मचाणावर गुडघ्यांत डोकं घालून बसला. लोकांना तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्याला रडू येत होतं.

तेवढ्यात उद्धवरावांच्या बायको रेणुकाबाई जेवण घेऊन आल्या. बाईंचा आवाज चार वावरं ओलांडून जाणारा. त्यांनी सगळा प्रकार पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अवो, बंडीत कापूस भरताना वर उभी राहून खुंदते कोन? मीच ना! जोवर पाय चालतात तोवर बैल उभे. पाय थांबले का त्याईले वाटते बंडी भरली, चला अदिलाबादच्या बाजाराले!"

सगळे उद्धवरावांकडे पाहू लागले.

"मी तवा चाय पेत रायतो," ते पडेल आवाजात म्हणाले.

मग रेणुकाबाई बंडीत चढल्या आणि मचाणाखाली उभ्या राहून संथपणे पाय चालवू लागल्या. बैलांनी डोळे मिटले. बंडी मात्र डुलू लागली, मचाण तिच्याहून जास्त डुललं आणि डोमाजी त्याच्याहूनही जास्त.

"काकी, हळू! पाकळी हालून राह्यली!"

"मंग तू बी हाल ना तिच्यासंगं!"

करता काय? डोमाजी हलला. आधी चिडून, मग सवयीने, आणि पुढे पुढे तर मजेत. रेणुकाबाईंचे पाय दुखले की गुरुजी चढत, गुरुजी दमले की कमिटीतला कापड सोडणारा चढे. बैलांनी ओढलेल्या रेघांवर डोमाजीने फिकट निळा ब्रश फिरवला आणि त्यांचं पाणी करून टाकलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कमळ पूर्ण झालं. त्याची एकही कड सरळ नव्हती.

उद्घाटनाला उत्तमराव आले. वर पाहिलं, टोपी काढली आणि घालायची विसरले.

"बापा! हे तं पान्यावर डुलून राह्यलं!"

सगळ्या विहाराने पुन्हा एकदा "वा!" म्हटलं, आणि ते या वेळी डोमाजीसाठी होतं. झालरीचं कापड पाहुण्यांच्या बुडाखाली अंथरलं होतं. डोमाजीला इतकं भरून आलं, की नमस्काराला जोडलेले हात खाली घ्यायचं त्याला सुचेना.

उत्तमरावांना परांची पाहायची होती. ती बाहेर लिंबाखाली उभी होती, मचाणासकट. उद्धवरावांनी घरी न्यायला बैल नुकतेच जुंपले होते. उत्तमराव वर चढले. ओव्हरसियरच ते, बूट आपटून आपटून त्यांनी मजबुती तपासली.

"पक्कं काम हाय!"

मग ते थांबले. वरून त्यांना खिडकीतून ते कमळ दिसलं असावं. कौतुकाने ते पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहिले. रेणुकाबाई ओरडणार, तोवर बैल निघाले.

"पकडा ना!" गुरुजी म्हणाले.

"जाऊ द्या," उद्धवराव छाती फुगवून म्हणाले. "त्याईचं आफीस बाजाराच्याच रस्त्याले हाय. बैल बराबर नेतात."

मचाणाला घट्ट धरून उत्तमराव अदिलाबादच्या वाटेने डुलत निघाले. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी मागे वळून हाक दिली,

"डोमाजी! माह्या नव्या घरी असंच कमळ काढ! पन परांची लोखंडी आन!"

डोमाजीने नाकावर राहून गेलेला कालचा गुलाबी रंग पुसला.

"मंग नाई जमाचं, सायेब," तो म्हणाला. "लोखंडावर कमळ हालत नाई."