गर्ग्यांच्या खिशातलं गॅम्बियाचं टपाल

"सेनेगल आणि गॅम्बिया! दोन देश, नऊ दिवस, आणि एकही गोष्ट आयत्या वेळी होणार नाही. लिहून घे!"

अरविंदराव गर्गे यांनी ही घोषणा सौदी अरेबियातल्या जुबैलच्या मराठी मंडळाच्या डबा पार्टीत, हातातला पुरणपोळीचा घास ध्वजासारखा उंचावून केली. गर्गे रास अल खैरच्या एका कारखान्यात शटडाउन प्लॅनर. कारखाना बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत कोणता नट कोण किती वाजता पिळणार, हे कागदावर मांडणं हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. साहजिकच पश्चिम आफ्रिकाही त्यांनी दोनशे चौदा ओळींच्या तक्त्यात बसवली होती. ओळ एकशे बासष्ट : 'पाणघोडा. ४.१० ते ४.३५.'

"अरविंददा," त्यांच्याच खात्यातला वैभव म्हणाला, "पाणघोड्याला मेल टाकलाय का?"

"टूर कंपनीला टाकलाय."

"मग पाणघोडा सीसीमध्ये असेल!"

सगळे हसले. गर्गे हसले नाहीत. तक्त्यात हसण्याची ओळ नव्हती.

टूर कंपनीने एक सूचना पाठवली होती : खेड्यात जाल तेव्हा गावप्रमुखासाठी काहीतरी भेट न्या. गर्ग्यांच्या पत्नी सुनेत्राबाई म्हणाल्या, "भाकरवडी नेऊ या." गर्ग्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी बॉयलरमध्ये साबुदाणा भिजवायला सांगितला होता! "अगं, आपण राहतो कुठे? खजुराच्या देशात!" आणि शुक्रवारी पहाटे हुफूफला गाडी हाणून त्यांनी बारा किलो अस्सल खजूर आणला. हिरवे खोके, त्यावर सोनेरी अरबी अक्षरं. भाकरवडी नेली असती तर ही गोष्टच घडली नसती.

सहल सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तक्त्याला तडा गेला. सेनेगलमध्ये रस्त्याकडेला गोरखचिंचेचं एक झाड होतं. तक्त्यात त्याला सहा मिनिटं होती. पण झाड कसलं, खोडाच्या नावाखाली वाडाच उभा केलेला! आत पोकळी, पोकळीत वटवाघळं, आणि अख्खा आठ जणांचा गट हात धरून उभा राहिला तरी खोडाला वेढा पुरेना. जर्मनीहून आलेले दोन निवृत्त मास्तर एकमेकांचे हात धरून तिथेच गप्प उभे राहिले.

"वय किती असेल?" सुनेत्राबाईंनी गाइडला विचारलं. गाइडचं नाव यांकुबा. उंच, मिठ्ठास, आणि कुठल्याही प्रश्नाला न घाबरणारा.

"मॅडम, माझ्या आजोबांनी हाच प्रश्न त्यांच्या आजोबांना विचारला होता."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्या आजोबांना विचारायला हवं होतं."

सहाऐवजी चाळीस मिनिटं गेली. पुढे काही दिवसांनी हद्द ओलांडून गॅम्बियात वासूला दगडांची वर्तुळं बघितली. हजारभर वर्षांपूर्वी कुणीतरी तांबड्या जांभ्याचे माणसाएवढे खांब कोरून, गोल रिंगण धरून उभे केलेले. गर्ग्यांनी एका खांबावरून हात फिरवला. सवयीने गोलाई तपासली. परत तपासली.

"अहो, काय झालं?"

"लेथ नव्हतं," गर्गे पुटपुटले. "क्रेन नव्हती. परमिट नव्हतं. आणि बघ, वाकडेपणा नाही गं!"

बावीस वर्षांत नवऱ्याने कशाचं तरी कौतुक केलेलं सुनेत्राबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी फोटो काढला. खांबाचा नव्हे, नवऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी ओळ एकशे एकोणसाठ : 'ग्रामभेट. २.०० ते २.२०.' त्यानंतर तीनला बोट, बोटीतून चिंपांझींची बेटं, आणि मग तो पाणघोडा.

गाव नदीकाठी होतं. गावप्रमुखाला तिकडे अल्कालो म्हणतात, आपण पाटील म्हणू. पाटीलबाबा सत्तरीचे, बांबूसारखे उंच, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सलाम केला, आणि गर्ग्यांच्या तोंडून उत्तर शिंकेसारखं बाहेर पडलं. सौदीत बावीस वर्षं काढली की असंच होतं. सलामाला सलाम, 'कसे आहात'ला 'अलहमदुलिल्ला', आणि 'कधी करणार'ला 'इन्शाल्ला'. त्यात गर्ग्यांचा काही हात नसे.

मग त्यांनी खजुराचे खोके पुढे केले. पाटीलबाबांनी चष्मा सावरला. सोनेरी अक्षरांवरून बोट उजवीकडून डावीकडे सरकलं आणि थांबलं.

"सौदी?"

"सौदी," गर्गे म्हणाले.

"तुम्ही तिथे राहता?"

"बावीस वर्षं. अलहमदुलिल्ला!"

यांकुबाने भाषांतर केलं आणि अंगण एकदम गप्प झालं. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या, असं गर्गे अजून शपथेवर सांगतात. कुणीतरी पळत जाऊन गावातली हात असलेली एकमेव खुर्ची आणली आणि गर्ग्यांना तीत बसवलं. खोका उघडला. एका बाईने सुरी आणली आणि एकेक खजूर चार फाकांत कापायला घेतला. आसपासच्या गावांतल्याही प्रत्येक घरात पोचावा म्हणून! गर्ग्यांच्या ऑफिसात हाच खजूर कॉफीच्या यंत्राशेजारी परातीत पडलेला असतो, आणि लोक तो फोनवर बोलताबोलता खातात.

तेवढ्यात एक वृद्ध आजी पुढे आल्या आणि त्यांनी गर्ग्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"त्या म्हणतात," यांकुबा म्हणाला, "आता माझ्याच्याने हजला जाणं होणार नाही. तुम्ही तिकडेच राहता, तर माझं नाव मक्केत घ्या."

गर्ग्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मक्केत मुसलमानांखेरीज कुणाला प्रवेश नाही. गर्गे कामानिमित्त जेद्दाहला शंभर वेळा गेले असतील, पण मक्केच्या हद्दीच्या फलकापाशी त्यांची गाडी आजवर निमूट वळत आलेली. म्हणजे साऱ्या सौदीतून गावाला नेमका असा माणूस सापडला होता, ज्याला हे काम करता येणारच नव्हतं!

"अहो, सांगा ना त्यांना!" सुनेत्राबाई दातांआडून म्हणाल्या.

"काय सांगू?"

"की आपण गर्गे आहोत म्हणून!"

"त्यांना काय कळणार गर्गे म्हणजे काय!"

"मग हिंदू आहोत म्हणा!"

गर्ग्यांनी तोंड उघडलं. आजींनी वर पाहिलं. ते डोळे बघितल्यावर कुठल्याही भिडस्त माणसाचं जे झालं असतं तेच झालं. शिंक आली.

"इन्शाल्ला," गर्गे म्हणाले.

संपलं! आजींच्या मागे एक म्हातारा उभा राहिला, त्याच्यामागे त्याची सून, सुनेमागे शिंपी, शिंप्यामागे निम्मं गाव. पाटीलबाबांनी वही मागवली, एक पान फाडलं आणि मांडी घालून अरबी भाषेत, सुंदर अक्षरात नाव आणि मागणं, नाव आणि मागणं, असं लिहायला सुरुवात केली. अडीच वाजले. तीन वाजले. जर्मन मास्तर गावातल्या गोरखचिंचेखाली झोपी गेले. सुनेत्राबाई बायकांत जाऊन बसल्या आणि एकही शब्द कळत नसताना त्यांच्याशी पोटभर हसू लागल्या. साडेतीन! गर्गे खुर्चीत बसल्याबसल्या ओळ एकशे साठ, एकशे एकसष्ट, एकशे बासष्ट एकेक करून कोसळताना बघत होते. पण उठवत नव्हतं. समोर येणारा प्रत्येक माणूस नाव सांगून झालं की त्यांच्याकडे असं बघायचा, जसं गर्गे सेनेगलमधल्या त्या झाडाकडे बघत होते. आणि आपण झाड नाही, हे एकट्या गर्ग्यांना माहीत होतं.

पावणेपाचला पाटीलबाबांनी घडी घालून कागद गर्ग्यांच्या खिशात ठेवला आणि खिशावर हलकेच थाप मारली. ती थाप गर्ग्यांना हातोड्यासारखी लागली. घाटापर्यंत ते कसेबसे चालले. बोटीत एक पाय टाकला आणि तो परत काढला.

"यांकुबा, बाबांना सांग. मी हिंदू आहे. मला मक्केत जाता येत नाही. मी खोटं वागलो."

यांकुबा बराच वेळ बोलत राहिला. बाबा ऐकत राहिले. मग खदखदून हसले.

"ते म्हणतात, मला माहीत आहे. बाई गाडीतून उतरल्या तेव्हाच त्यांच्या कपाळावरची टिकली मी पाहिली. आमच्याकडे हिंदी सिनेमे लागतात."

"मग... मग चिठ्ठी का दिली?"

बाबांनी नदीकडे बोट केलं.

"ते म्हणतात, मी एकतीस वर्षं या नदीवर बोटीतून टपाल वाहिलं. साहेबांची पत्रं असायची, मोठ्या बंगल्यांची असायची. त्या बंगल्यांत मला कुणी कधी आत घेतलं नाही. पण माझं एकही पत्र चुकलं नाही. तुम्हाला आत जायची गरजच काय? दारापर्यंत न्या. पुढे नेणारा भेटतो."

गर्ग्यांनी वाकून नमस्कार केला, अगदी नाशिकला घरी करतात तसा.

बोट निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. बेटाच्या काठावर एक चिंपांझीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. तिने सुनेत्राबाईंकडे शांतपणे पाहिलं, लग्नाच्या मांडवात एखादी ओळखीची बाई बघते तसं. मग वळणावर नावाड्याने इंजिन बंद केलं. पाणी फुगलं, आणि एकापाठोपाठ एक सात पाणघोडे नदीतून बाहेर निघाले. ट्रकएवढी ओली, काळीगुलाबी धुडं, पावलांचा मात्र आवाज नाही. सोन्यासारख्या उजेडात ते गवतात चरायला शिरले.

"चारला आला असतात," नावाडी कुजबुजला, "तर फक्त नाकपुड्या दिसल्या असत्या."

किती वाजले, हे गर्ग्यांनी लिहून ठेवलं नाही.

परत आल्यावर मात्र त्या कागदाने गर्ग्यांची झोप उडवली. टपाल दारापर्यंत आणलं होतं, पुढे कोण नेणार? शेजारच्या इमारतीतल्या शरफुन्निसाआपा मूळच्या उदगीरच्या, शाळेत अरबी शिकवायच्या, आणि सुट्टीत मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघाल्या होत्या. गर्गे कागद घेऊन त्यांच्या दारात हजर झाले. सोबत लॅपटॉप.

"आपा, मी तक्ता केलाय. अनुक्रमांक, नाव, मागणं, स्थिती. तुम्ही वाचून भरा, आणि एकेक झालं की टिक करा."

"भाऊ," आपा म्हणाल्या, "दुआला तक्ता लागत नाही. कागद द्या आणि लॅपटॉप घरी न्या."

आपा गेल्या. पहिल्या दिवशी गर्ग्यांनी मेसेज केला : 'किती झाल्या?' उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी : 'अंदाजे टक्के?' उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी 'सब्र करा' असं उत्तर आलं. गर्ग्यांच्या तक्त्यात ते कुठल्या रकान्यात भरायचं, हे ठरेना.

आठवड्याने आपा परतल्या आणि थेट गर्ग्यांकडे आल्या. चहा झाला. मग त्यांनी पर्समधून तो कागद काढला. घड्यांवर मऊ पडला होता.

"सगळ्यांची नावं घेतली, भाऊ. एकेक करून, मोठ्याने. वेळ लागला, कारण मधेमधे वाचवत नव्हतं."

आणि त्यांनी वाचून दाखवलं. शिंप्याला सुईत दोरा ओवता येईल एवढी नजर हवी होती. एका बाईचा मुलगा समुद्रमार्गे इटलीला निघाला होता, त्याचा एक फोन यावा. एकाचं गाढव आजारी. एका मुलीची नर्सिंगची परीक्षा. आणि त्या वृद्ध आजींनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. 'ज्याने खजूर आणला त्याच्या घरी सगळे सुखरूप असोत,' एवढंच.

गर्ग्यांनी चष्मा पुसला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसला.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "मी मोजली होती. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पोचली म्हणायची."

"अठ्ठेचाळीस," आपा म्हणाल्या.

"सत्तेचाळीस. रांगेत मोजली मी!"

"शेवटची रांगेतली नाही, भाऊ. पानाच्या मागच्या बाजूला आहे. 'सुनेत्रा, अरविंदची बायको.'"

गर्ग्यांनी बायकोकडे पाहिलं. सुनेत्राबाई कपबश्या गोळा करायला लागल्या. चहा अजून निम्मा होता.

"काय मागितलंय?"

"'पुढची सहल नवऱ्याशिवाय घडो.'"

गर्ग्यांनी कागद ओढून घेतला आणि उलटून पाहिला.

"आणि बाबांनी हे लिहून घेतलं?" गर्गे किंचाळले. "पाटीलबाबांनी? त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही?"

"विचारलं ना, यांकुबामार्फत," सुनेत्राबाई ट्रेकडे बघत म्हणाल्या. "म्हणाले, नक्की ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, हेच मागणं आमच्या घरातून दोनदा गेलंय मक्केला."

आपांनी पदराआड हसू लपवलं आणि फोन काढला. "वहिनी, तुमची दुआ कबूल झाली बरं का. घाना, टोगो, बेनिन. अकरा दिवस, फक्त बायका. मी दोन जागा धरल्यात."

गर्ग्यांनी हळूच लॅपटॉप पुढे ओढला.

"ठीक आहे. पण निदान हत्तींची वेळ तरी..."

सुनेत्राबाईंनी एका बोटाने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि त्यावर कपबश्यांचा ट्रे ठेवला.